पाळीचे सात आठवडे आणि बाळाचे पंचवीस दिवस

कागलजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. वय २७, लग्नाला दोन वर्षं, पहिलीच खेप. शेवटच्या पाळीपासून पन्नासाव्या दिवशी पोटावरून सोनोग्राफी केली. रिपोर्टात लिहिलंय: सॅक (गर्भ ज्यात वाढतो ती पोकळी) १४ मिलिमीटर, योक सॅक दिसते, भ्रूण ३ मिलिमीटर, ठोके दिसत नाहीत. डॉक्टरांनी बारा दिवसांनी परत बोलावलंय. घरात मात्र "सात आठवडे झाले तरी ठोके नाहीत म्हणजे बाळ गेलंय, उगीच पोटात ठेवू नका, पिशवी साफ करून घ्या" असं चाललंय. ताई विचारतात: बाळाचं हृदय नेमकं कधी तयार होतं? माझं बाळ खरंच गेलंय का? दिवस गेल्याचं माहीत नसताना जोतिबाच्या पायऱ्या चढले, नंतर ताप आला म्हणून गोळ्या घेतल्या, त्यानं काही झालं असेल का? आणि पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी जाता जाता एक ओळ लिहिली आहे: "माझी पाळी तशी लांबते, ३८-४० दिवसांनी येते."

ताई, ही शेवटची ओळ तुम्ही सोनोग्राफीच्या वेळी सांगितली होती का? कारण सगळं गणित तिथूनच फिरतं.

आम्ही डॉक्टर गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. पाळीची तारीख बाईला माहीत असते, गर्भ कधी राहिला ते माहीत नसतं, म्हणून ही पद्धत पडली. पण पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात गर्भ नसतोच. २८ दिवसांची पाळी असेल तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवशी बाहेर पडतं आणि त्यानंतर चोवीस तासांच्या आत फलन व्हावं लागतं, कारण बीज त्यापेक्षा जास्त टिकत नाही. म्हणजे आम्ही "सहा आठवडे" म्हणतो तेव्हा बाळ खरं चार आठवड्यांचं असतं. नऊ महिने म्हणून जे २८० दिवस धरतो, त्यातले बाळाचे स्वतःचे २६६.

आता तुमची पाळी ३८ ते ४० दिवसांची. पाळी लांबते तेव्हा लांबतो तो पहिला भाग, बीज तयार होण्याचा. बीज सुटल्यापासून पुढची पाळी यायला मात्र जवळपास सगळ्यांनाच चौदा दिवसांच्या आसपास लागतात. तेव्हा तुमचं बीज चोवीस ते सव्विसाव्या दिवशी सुटलं असणार. पन्नासातून ते वजा करा. सोनोग्राफीच्या दिवशी तुमचा गर्भ २४ ते २६ दिवसांचा होता. सोनोग्राफीच्या भाषेत साडेपाच आठवड्यांच्या आसपास, सात नव्हे. आणि पंचविसाव्या दिवशी गर्भ केवढा असतो? तीन मिलिमीटरच्या आसपास, तिळाएवढा. तुमच्या रिपोर्टात नेमका तोच आकडा आहे.

हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ठोके दिसतील की नाही हे पुढच्या सोनोग्राफीतच कळेल, आणि तोपर्यंत कोणीही, मीसुद्धा, छातीठोकपणे हो किंवा नाही म्हणू नये. पण आजच्या रिपोर्टवरून "बाळ गेलं" म्हणणं चूक आहे. असं का म्हणते ते नीट कळायला या पंचवीस दिवसांत आत काय काय झालं ते बघावं लागेल. मी गेली २८ वर्षं कोल्हापुरात बायका तपासते आहे, आणि माझा अनुभव असा की हे एकदा समजलं की बारा दिवस थांबणं सोपं होतं.

स्त्रीबीज साधारण एक दशांश मिलिमीटरचं असतं. शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या पेशींपैकी एक, तरी बारीक टोकाच्या पेन्सिलीनं दिलेला ठिपका त्याहून मोठा भरेल. फलन गर्भाशयात होत नाही, नलिकेच्या बाहेरच्या रुंद भागात होतं. शुक्राणू तिथं पाच दिवसांपर्यंत वाट बघत राहू शकतात. एक आत शिरला की बीजाचं कवच बाकीच्यांना बंद होतं. आईकडचे २३ आणि बापाकडचे २३ गुणसूत्र आधी दोन वेगवेगळ्या गोळ्यांत शेजारी शेजारी दिसतात, मग एकत्र येतात. पहिली पेशी दुभंगायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. या सगळ्यात आकार मात्र वाढत नाही. त्याच कवचात पेशी लहान होत जातात, जशी एकच भाकरी चतकोर करत जावी. आणि हे होत असताना गर्भ नलिकेतून गर्भाशयाकडे हळूहळू ढकलला जात असतो. चौथ्या दिवसाच्या सुमारास तो गर्भाशयात येतो.

पाचवा दिवस मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून त्याच्याशी जरा थांबते. टेस्ट ट्यूब बेबीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा एम्ब्रियॉलॉजिस्टनं सूक्ष्मदर्शकाखाली पाचव्या दिवसाचा गर्भ दाखवला. गोल, आत पाणी भरलेला, काचेच्या गोटीसारखा चमकणारा. शंभरएक पेशी असतील. बहुतेक सगळ्या कडेनं एका पातळ थरात, आणि आतल्या एका बाजूला चिकटलेला छोटासा घोस. तो घोस म्हणजे पुढं बाळ, आणि कडेचा थर म्हणजे पुढं वार. बाळ कोणतं आणि वार कोणती हे पाचव्या दिवशीच ठरलेलं असतं. मी बघत होते त्या गर्भाच्या कवचाला एका जागी फट पडली होती आणि तिथून आतला भाग फुग्यासारखा बाहेर येत होता. कवच टाकल्याशिवाय तो गर्भाशयाला चिकटू शकत नाही. अंड्यातून पिल्लू निघावं तसं ते दृश्य होतं, आणि आकार किती, तर एका मिलिमीटरचा पाचवा भागही नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी कोणाशी फार बोलले नव्हते.

हे आपल्याला बघता येतं याचं श्रेय काही थोड्या माणसांना जातं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांच्या कामातून २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. मुखर्जींच्या वाट्याला हयातीत कौतुकाऐवजी चौकशी आली, याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्या महाराष्ट्रात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली. त्यानंतरच पहिल्या पाच-सहा दिवसांची माहिती पुस्तकातल्या चित्रांतून रोजच्या कामात आली.

सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटायला लागतो आणि बाराव्या दिवसापर्यंत त्यात पूर्ण रुतून बसतो. कडेच्या पेशी अस्तरात मुळं घालतात आणि एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतात. हेच आपल्या यूपीटीच्या, म्हणजे लघवीतून दिवस गेल्याचं तपासायच्या, पट्टीवर दुसरी रेघ उमटवतं. आईच्या बीजकोशाला ते निरोप देतं: प्रोजेस्टेरॉन बनवत राहा, पाळी येऊ देऊ नकोस. काहींना या दिवसांत थोडं अंगावरून जातं, एखादा डाग. अनेक बायका तीच पाळी समजतात आणि मग तारखेचा आणखी एक घोळ होतो.

ताई, तुम्ही जोतिबाला गेलात तो पाळीचा तिसावा दिवस, असं लिहिलंय. तुमच्या गणितानं तेव्हा गर्भ चार ते सहा दिवसांचा. गर्भाशयात अजून चिकटलेलासुद्धा नाही, स्वतःच्या कवचात किंवा नुकता कवचाबाहेर, अस्तराच्या ओलाव्यात तरंगतोय. तुम्ही पायऱ्या चढल्यानं त्याला काय होणार? काहीही नाही. पायऱ्या चढून, स्कूटरवर बसून, बसच्या धक्क्यांनी जर गर्भ पडत असते तर गगनबावड्याच्या आणि चंदगडच्या डोंगरातल्या बायकांना पोरं झालीच नसती.

फलनानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या घोसाची दोन थरांची गोल चकती होते. एका बाजूला पाण्याची पोकळी, दुसऱ्या बाजूला योक सॅक. तुमच्या रिपोर्टातली ती योक सॅक हीच. कोंबडीच्या अंड्यातल्या बलकासारखा साठा तिच्यात नसतो, पण पहिल्या रक्तपेशी तिच्या भिंतीत तयार होतात. सोनोग्राफीत ती बारीक अंगठीसारखी दिसते. ती गर्भाशयात दिसली याचा तुमच्यासाठी मोठा अर्थ आहे: गर्भ नलिकेत अडकलेला नाही, जागेवर आहे. माझ्यासारखीला रिपोर्ट हातात घेतल्यावर पहिली चिंता तीच असते, आणि तुमच्या बाबतीत ती मिटली आहे.

पंधराव्या दिवसाच्या आसपास त्या चकतीवर मधोमध एक रेघ उमटते. तिच्यातून पेशी आत सरकतात आणि दोनाचे तीन थर होतात. वरच्या थरातून कातडी, मेंदू आणि पाठीचा मज्जारज्जू. मधल्यातून हृदय, रक्त, हाडं, स्नायू, मूत्रपिंडं. खालच्यातून आतड्याचं अस्तर, फुप्फुसं, यकृत. ही रेघ उमटेपर्यंत गर्भाचं डोकं कुठं आणि पाय कुठं हे सांगता येत नाही, आणि एकाची जुळीही होऊ शकतात. रेघ आल्यावर पुढं-मागं, डावं-उजवं ठरतं. म्हणूनच प्रयोगशाळेत गर्भ चौदा दिवसांपलीकडे वाढवू नये अशी मर्यादा ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीनं १९८४ मध्ये सुचवली आणि पुढं अनेक देशांनी ती मानली. जुळ्यांचाही हिशेब याच दिवसांत असतो. पहिल्या तीन दिवसांत विभागणी झाली तर दोन वेगळ्या वारा, चौथ्या ते आठव्या दिवसात झाली तर वार एक पण पाण्याच्या पिशव्या दोन, त्याहून उशिरा झाली तर पिशवीही एकच. जुळ्यांच्या पहिल्या सोनोग्राफीत आम्ही मधला पडदा इतका निरखून बघतो तो यासाठी.

आता मणक्याचं. हे मला प्रत्येक नवऱ्या मुलीला, लग्नाआधी, सांगावंसं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात वरच्या थराचा मधला भाग जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि मधे खोबण पडते. मग कडा एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. करंजीची मुरड घालताना आपण काय करतो, अगदी तसं. फक्त इथं मुरड मानेच्या जवळपास सुरू होते आणि एकाच वेळी डोक्याकडे आणि ढुंगणाकडे जात राहते. बाविसाव्या दिवशी सुरुवात, डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास बंद, खालचं सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी. वरचं उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी घडतच नाही, आणि ते बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीवर गाठ घेऊन बाळ जन्मतं, पायांत बळ नसतं, लघवी-शौचावर ताबा राहत नाही.

तारखा परत वाचा. अठ्ठाविसावा दिवस म्हणजे २८ दिवसांच्या पाळीवाल्या बाईची पाळी चुकून फार तर दोन आठवडे झालेले. यूपीटी करून, घरी सांगून, डॉक्टरची वेळ घेऊन ती येते तोवर करंजी बंद झालेली असते. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची गोळी मी त्या दिवशी लिहून देते, पण ती ज्या कामासाठी हवी होती ते काम उरकलेलं असतं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात, आधी असं बाळ झालेल्या बायकांनी दिवस राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी झाला. एवढा फरक एका स्वस्त गोळीनं पडतो. साध्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. आधी असं बाळ झालेलं असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील किंवा मधुमेह असेल तर मोठा डोस लागतो, तो डॉक्टरांना विचारून. फिटसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते बाळाचं नियोजन करतानाच सांगा, कारण त्या औषधानं मणक्याचं व्यंग वाढतं. मात्र गोळी आपल्या मनानं बंद करू नका, फिट आली तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या मुलींनी तर ती चालू असेपर्यंत दिवस जाऊच द्यायचे नाहीत.

अशी बाळं मी जन्मताना पाहिली आहेत. त्यातल्या एका आईनं मला विचारलं होतं, "मॅडम, हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?" तेव्हापासून माझ्याकडे पाळीच्या तक्रारीसाठी लग्न ठरलेली मुलगी आली तरी मी फॉलिक ॲसिड लिहिते. सोबत आलेली आई कधी कधी बावरते. मी तिला करंजीचं उदाहरण देते आणि ती लगेच समजते.

हृदय. तुमचा मुख्य प्रश्न. मधल्या थरात, डोक्याकडच्या बाजूला, दोन बारीक नळ्या तयार होतात. गर्भाची चकती कडांनी खाली वळायला लागते तशा त्या जवळ येतात आणि एक होतात. आणि बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी ही नळी हलायला लागते. कप्पे नाहीत, झडपा नाहीत, नसांचा मेंदूशी संबंध नाही. स्नायूंच्या पेशी आपल्या आपण आकुंचन पावतात, आधी अडखळत, मग लयीत. पुढचे काही दिवस नळी वाढते, जागा पुरत नाही म्हणून वळसा घेते, आणि आठव्या आठवड्यापर्यंत तिचे चार कप्पे होतात.

म्हणजे तुमच्या सोनोग्राफीच्या दिवशी, गणित बरोबर असेल तर, त्या नळीला हलायला लागून एक ते चार दिवस झाले होते. नळीची जाडी मिलिमीटरचा अंश, आणि यंत्र पोटावरून, म्हणजे कातडी, चरबी, मूत्राशय एवढं सगळं ओलांडून बघत होतं. ते ठोके न दिसणं अगदी स्वाभाविक आहे. आतून केलेल्या सोनोग्राफीत यंत्र गर्भाशयाच्या जवळ जातं, म्हणून आधी दिसतं, पण तिथंही तीन मिलिमीटरच्या भ्रूणात ठोके न दिसणं हे काही निदान होत नाही.

यासाठी नियम ठरलेले आहेत. २०१३ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी जगभर वापरले जाणारे निकष मांडले, मुद्दाम कडक, कारण त्याआधी घाईनं निदान होऊन चांगले गर्भ काढले जात होते. आतून केलेल्या सोनोग्राफीत भ्रूण ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असून ठोके नसतील, किंवा सॅक २५ मिलिमीटर किंवा जास्त असून आत भ्रूणच नसेल, तरच एका सोनोग्राफीवर गर्भ गेला म्हणायचं. त्याखाली असेल तर थांबायचं आणि परत बघायचं. आज योक सॅक दिसली असेल आणि ११ दिवसांनी किंवा त्यानंतरही ठोक्यांसह भ्रूण दिसलं नाही, तर मग निदान पक्कं. तुमच्या डॉक्टरांनी बारा दिवस सांगितले ते असे हवेतून नाही आले. त्यांनी बरोबर केलं आहे, आणि घरच्यांना हे वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत शाहूपुरीतल्या माझ्या दवाखान्यात एक बाई आली होती. साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आठ घड्या घातलेला रिपोर्ट. दुसरीकडे तिला "वाढ नाही, साफ करून घ्या" सांगितलं होतं आणि ती त्या तयारीनं उपाशीपोटीच आली होती. सोबत जाऊबाई, डब्यात नंतर खायला शिरा. रिपोर्टात भ्रूण ४ मिलिमीटर. पाळी विचारली तर म्हणाली, दीड-दीड महिना येत नाही. मी तिला म्हटलं, शिरा आत्ताच खा आणि दहा दिवसांनी ये. ती आली तेव्हा मी यंत्र फिरवलं आणि काळ्या सॅकमध्ये करड्या ठिपक्याच्या मधोमध ते दिसलं. ते कसं दिसतं सांगते: पणतीची वात वाऱ्यानं थरथरावी तसं, पण न थांबता, एकसारखं. पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे, नवव्यापर्यंत एकशे सत्तरच्या आसपास. मी पडदा तिच्याकडे वळवला. ती काहीच बोलली नाही, फक्त जाऊबाईचा हात घट्ट धरला. ती मुलगी आता कॉलेजात आहे.

पण दुसरी बाजूही मी लपवणार नाही. थांबूनही ठोके न दिसलेल्या बायका माझ्याकडे त्याहून कितीतरी जास्त आल्या आहेत. कळलेल्या दर शंभर गर्भारपणांत साधारण दहा ते वीस पहिल्या बारा आठवड्यांत थांबतात. त्यातल्या निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. एखादं जास्त, एखादं कमी. ही चूक बहुतेक वेळा बीज तयार होताना किंवा फलनाच्या वेळीच झालेली असते, म्हणजे पोळ्या लाटण्याच्या, पपई खाण्याच्या, सासूशी भांडण्याच्या कितीतरी आधी. तुमच्या बाबतीत तसं निघालंच तर तीन वाटा असतात: आपोआप पडण्याची वाट बघणं, डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या, किंवा पिशवी साफ करणं. त्यातली कुठली हे तुम्ही शांतपणे ठरवायचं, त्यात रात्रीत निर्णय घ्यावा अशी घाई नसते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर मात्र आठवणीनं सांगा, अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते बघावं लागतं. आणि एकदा गर्भ गेला म्हणून पुढचा जाईल असं अजिबात नाही. बहुतेक बायकांची पुढची खेप सुखरूप होते.

तापाच्या गोळ्यांबद्दल. तुम्ही पॅरासिटामॉल घेतलं. ते गर्भारपणात चालतं, आणि जास्त ताप अंगावर काढण्यापेक्षा ते घेणंच योग्य. औषधांचा गर्भावर परिणाम कधी होतो याचंही एक वेळापत्रक आहे. फलनानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नुकसान झालंच तर एकतर गर्भ टिकत नाही किंवा पूर्ण भरून निघतं, कारण पेशी अजून एकमेकींची जागा घेऊ शकतात. व्यंगाचा खरा धोका त्यानंतर, आठव्या आठवड्यापर्यंत, अवयव घडत असताना. थॅलिडोमाइडनं हे जगाला फार महागात शिकवलं. १९५७ पासून युरोपात मळमळीवर आणि झोपेसाठी विकली गेलेली ही गोळी १९६१ च्या अखेरीस मागे घेतली, तोवर हजारो मुलं हातापायांशिवाय किंवा अर्धवट हातापायांनी जन्मली होती. हा फटका बसला तो फलनानंतर विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या दरम्यान आईनं ती घेतली असेल तेवढ्यांनाच. त्या दिवसांत हाताचे कोंब फुटत असतात, सव्विसाव्या दिवशी हात, एक-दोन दिवसांनी पाय. त्यामुळं यापुढं कुठलीही गोळी, मेडिकलमधून आणलेली असो की झाडपाल्याची, विचारल्याशिवाय नको.

पुढच्या चार आठवड्यांत काय होईल ते थोडक्यात. हाताच्या कोंबाला आधी पळीसारखं पान येतं, मग बोटांच्या रेघा, मग मधल्या पेशी स्वतःहून मरतात आणि बोटं सुटी होतात. डोळ्यांत काळा रंग येतो. वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी येऊन जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. इथं ग्रहणाचं बोलायलाच हवं, कारण ओठ फाटलेलं बाळ झालं की आपल्याकडे आईला विचारतात, "ग्रहणात काय चिरलंस?" ओठ जुळण्याच्या त्या दिवसांत जुळणी अपुरी राहिली, एवढंच झालेलं असतं. त्यात अनुवंश असतो, काही औषधं असतात, धूम्रपान असतं. विळी नसते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात खिडक्या लावून अंधारात बसलेल्या मुली मला दरवेळी भेटतात आणि पाणीसुद्धा प्यालेल्या नसतात. बाळाचा ओठ त्याच्या चार-पाच महिने आधीच जुळलेला असतो. पाणी प्या.

मुलगा की मुलगी हे फलनाच्या क्षणी शुक्राणूकडून ठरतं, पण सातव्या आठवड्यापर्यंत दोघांची घडण अगदी सारखी असते. विचारू नका, सांगायला कायद्यानं बंदी आहे. आपल्याच जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, बसवण्याची वेळ आली होती, ती का आली हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

छप्पन्नाव्या दिवशी गर्भाची घडण पूर्ण होते. शास्त्रात या आठ आठवड्यांचे २३ टप्पे पाडले आहेत. शेवटच्या टप्प्यात बाळ ३ सेंटिमीटरच्या आसपास, अंगठ्याच्या पेराएवढं, आणि त्याला कोपर असतं, पापण्या असतात, कानाची पाळी असते. त्यानंतर उरतं ते मुख्यतः वाढणं आणि पक्कं होणं.

तेव्हा ताई, बारा दिवसांनी जा. सगळं ठीक असेल तर तोवर भ्रूण १० ते १२ मिलिमीटरच्या आसपास असेल आणि ठोके स्पष्ट दिसतील. या वेळी आतून सोनोग्राफी करायला सांगा. त्याला दुखत नाही, गर्भाला धक्का लागत नाही, आणि लघवी तुंबवून बसावं लागत नाही, उलट जाऊन यायचं. जुना रिपोर्ट न्या. मागच्या चार-पाच पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या आणि पाळी लांबते हे स्वतःहून सांगा. शक्य असेल तर सासूबाईंनाच सोबत घेऊन जा, आत बोलवा म्हणावं. पडद्यावर काय दिसतं आणि काय नाही हे त्यांनी स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरातली चर्चा थांबते. फॉलिक ॲसिड चालू ठेवा. मधल्या दिवसांत थोडा डाग दिसला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना फोन करून कळवा. मात्र तासाला दोन पॅड भिजतील असं अंगावरून गेलं, पोटात किंवा खांद्याच्या टोकाला असह्य दुखायला लागलं, चक्कर येऊन पडायला झालं, ताप आला, तर बारा दिवसांची वाट बघायची नाही. १०८ ला ॲम्ब्युलन्ससाठी फोन करा किंवा सरळ कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात या, रात्रीचे कितीही वाजले असले तरी.